समीक्षकाचं स्वतःचं

प्रश्न : परीक्षण बाजूला ठेवून तुम्ही निव्वळ आवडीनं काय ऐकता, पाहता, वाचता? – एक वाचक, सांगली

उत्तर : पहाटे कुमार गंधर्व. क्षयानं काही वर्षं त्यांचं गाणं बंद होतं. देवासला अंथरुणावर पडून त्यांनी माळव्याची लोकगीतं ऐकली आणि पुढे त्या धुनांतून नवे राग उभे केले. तो बाणासारखा सुटणारा स्वर आणि मागून येणारी शांतता! त्या शांततेसाठी मी चहाचं आधणसुद्धा उतरवून ठेवतो.

सिनेमात ‘कोर्ट’ (२०१४). खटला लोकशाहिराचा, पण मला आठवत राहते ती सरकारी वकील : लोकलनं घरी जाणारी, पाळणाघरातून मुलाला घेऊन स्वयंपाकाला लागणारी. तिला खलनायिका केलं नाही, हे दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांचं मोठेपण.

टीव्ही आता फारसा नाही. मुंबई दूरदर्शनवरच्या जुन्या, निवांत मुलाखती मात्र मनात आहेत. पाहुणा अडखळला तरी कुणी घाई करत नसे.

वाचनात पी. साईनाथ. त्यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर मराठीतही वृत्तान्त येतात. शेतमजूर स्त्री दिवसभर काय करते, काय खाते, हे इतक्या बारकाईनं लिहिणारी पत्रकारिता मला संगीताइतकीच प्रिय आहे. तुम्हीही एखादा वृत्तान्त वाचा आणि मला जरूर कळवा.