पुस्तकांना कसर लागली आहे

प्रश्न : रत्नागिरीच्या घरी भिंतीतल्या कपाटात सासऱ्यांची जुनी पुस्तकं आहेत. पावसाळ्यानंतर त्यांत चंदेरी किडे पळताना दिसतात, पानांच्या कडा खरवडल्यासारख्या झाल्यात. डांबरगोळ्यांनी काही फरक पडला नाही. काय करू?

उत्तर : ताई, ही कसरच. बांधणीची खळ आणि कागदातलं पिष्ट तिला हवं असतं, पण ती टिकते ओलीवर. म्हणून आधी भिंत बघा. बाहेरून पाणी मुरत असेल तर तेवढं नक्की थांबवा, नाहीतर बाकीची सगळी मेहनत वाया जाईल. पुस्तकं त्या कपाटातून हलवाच. भिंतीपासून चार बोटं दूर, उघड्या मांडणीवर ठेवा. प्रत्येक पुस्तक उघडून मऊ ब्रशने झटका, विशेषतः पुठ्ठ्याच्या सांध्यात. कडक उन्हात मात्र घालू नका, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. फार जपायचं पुस्तक पूर्ण कोरडं असेल तर घट्ट प्लॅस्टिक पिशवीत बांधून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आतला गारवा जाऊ द्या.

रात्री काचेच्या बरणीत चमचाभर कणीक घालून बाहेरून कागदी चिकटपट्टी गुंडाळा. किडा चढून आत पडतो, गुळगुळीत काचेवरून परत येत नाही. कसरीवर बोरिक पावडरही टाकतात, पण घरात रांगतं मूल असेल तर ती वापरू नका.