तीन चर्च एका पाळकांकडे दिली, की कारभार नेमका कोण पाहतो?

तुम्ही विचारलंय की तुमच्याकडची तीन चर्च एकाच पाळकांकडे दिलीत, कमिटीही एकच होणार म्हणतात, मग निर्णय कोण घेणार आणि तुमच्या छोट्या चर्चच्या हातात काय राहणार. पंथ कोणता ते लिहिलेलं नाही, म्हणून कॅथलिक आणि आमच्या प्रोटेस्टंट, दोन्हीकडचं सांगतो. मी नागपूरचा, सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). सहा वर्षं पास्टरेट (एका पाळकांकडच्या मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्च, मिळून होणारा गट) कमिटीचा खजिनदार होतो.

आधी एवढं विचारून घ्या: पाळक एक झालेत, की चर्चच एक झालीत? लोक दोन्हीला ‘मर्ज झालं’ म्हणतात, पण त्यात फार फरक आहे.

कॅथलिकांच्या चर्च कायद्यात कलम ५२६ प्रमाणे फादर कमी असतील तर शेजारचे अनेक धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चभोवतीचा समुदाय) एकाच फादरकडे देता येतात. तेव्हा प्रत्येक धर्मग्राम कायद्यानं वेगळाच राहतो, हिशोबासकट. धर्मग्रामच एक करायचे असतील तर कलम ५१५ लागतं. ते फक्त बिशप करू शकतात, तेही धर्मगुरूंच्या मंडळाचं मत ऐकून. मग मालमत्ता आणि देणी दोन्ही नव्या धर्मग्रामाकडे जातात. अर्थसमिती प्रत्येक धर्मग्रामाला सक्तीची आहे, पालकीय समिती (पॅरिश कौन्सिल) मात्र बिशपांना योग्य वाटली तर. पण या समित्या सल्ला देतात, सही फादरची चालते. ‘आमची कमिटी ठरवेल’ असं कोणी छातीठोक सांगत असेल तर त्याला हे दाखवा.

मोठं करण्यालाही हद्द असते. जर्मनीत ट्रिअर धर्मप्रांतानं (एका बिशपांच्या हाताखालचा भाग) ८८७ धर्मग्रामांचे ३५ करायचं ठरवलं होतं. २०१९ मध्ये रोमनं ते थांबवलं.

आमच्याकडची गोष्ट वेगळी, कारण आमचं चर्चच मुळात विलीनीकरणातून जन्मलंय, आणि तेही इथेच. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरच्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्च एक होऊन सीएनआय झालं. कोणाकडे बिशपांचा शब्द शेवटचा, कोणाकडे मंडळीतल्या वडीलधाऱ्यांच्या (एल्डर्सच्या) सभेचा, तर बॅप्टिस्टांकडे प्रत्येक मंडळी स्वतःची मालक. तिन्ही पद्धती थोड्या थोड्या राहिल्या. बाप्तिस्मा लहानपणी द्यायचा की मोठेपणी, यावरही दोन्ही मान्य करून मोकळे झाले. म्हणून आमच्याकडे पास्टरेटमध्ये एकाहून जास्त मंडळ्या असणं नवं नाही. कमिटी सभासद निवडतात, अध्यक्ष पाळकसाहेब, वर धर्मप्रांताची कौन्सिल आणि सिनड, म्हणजे सगळ्या चर्चची सर्वोच्च सभा.

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात आमचं काय झालं ते सांगतो.

आमच्या पास्टरेटमध्ये शहरातली मोठी मंडळी आणि काटोल रोडकडच्या एका गावातली बावीस घरं. खातं एक केलं, कमिटी एक केली. निवडणुकीत लोक ओळखीच्यांना मत देतात, त्यामुळे नऊच्या नऊ जण शहरातले निवडून आले. गावानं कब्रस्तानाच्या भिंतीसाठी साठवलेले पैसे त्याच खात्यात आले होते. पावसाळ्यापर्यंत ते आमच्या जनरेटरच्या दुरुस्तीत आणि पगारात जिरले. कोणी खाल्ले नाहीत, पण त्या चेकवर सही माझी होती. कापणीच्या सणाला गावातले एक म्हातारे त्यांची जुनी वही घेऊन आले. पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं, कोणाचे पन्नास, कोणाचे शंभर, एकीनं ज्वारी दिलेली, तिचीही किंमत मांडलेली. भांडले नाहीत. म्हणाले, “पैसे तुमच्याजवळ ठेवा जी, पण चाबी आमच्याजवळच राहू द्या.”

पुढच्या सभेत ठराव झाला. गावाला दोन जागा राखीव. बँक खातं एकच, पण खातेवहीत गावाचं पान वेगळं, आणि ठरावीक कामासाठी आलेला पैसा त्यांच्या प्रतिनिधीच्या सहीशिवाय हलवायचा नाही. उपासना संपली की अर्पण तिथेच टेबलावर दोघांनी मोजायचं, चिठ्ठीवर दोघांच्या सह्या, चिठ्ठीचा फोटो मला व्हॉट्सअॅपवर. (हे दोघं एकाच घरातले नकोत. हे आम्हाला नंतर सुचलं.) आणि चर्चची किल्ली गावातल्याच एका माणसाकडे, त्याचं नाव इतिवृत्तात. रात्री कोणी वारलं तर पाळकसाहेब पोचेपर्यंत दार उघडणारा, खड्डा खणायला माणसं जमवणारा, आजाऱ्याकडे आधी जाणारा तोच. त्याला पद काय द्यायचं यावर आम्ही तासभर घालवला, तो वाया गेला. लोक त्याला अजून नावानंच हाक मारतात. भिंत दोन वर्षं उशिरा झाली.

म्हणून पहिल्या संयुक्त सभेआधी हे सगळं लिहून मागा. नंतर मागितलं की भांडण वाटतं. इमारत आणि जमीन कोणाच्या नावावर आहे तेही विचारा. बहुतेक ठिकाणी ती स्थानिक कमिटीच्या नावावर नसते.

आणि कॅथलिक असाल, धर्मग्राम विसर्जित करण्याचा आदेश निघालाच असेल, तर या उत्तरावर विचार करत बसू नका. आदेश कळल्यापासून १० दिवसांच्या आत बिशपांकडे लेखी फेरविचार मागावा लागतो, कलम १७३४. जुलै २०२० च्या रोमच्या सूचनापत्रात फादर कमी आहेत एवढं कारण धर्मग्राम विसर्जित करायला पुरत नाही असं म्हटलंय, ते अर्जात जरूर घाला.