तीनशे जणांच्या लेक्चरमध्ये समुद्र कुठे आहे?

प्रश्न : ताई, मी एका मोठ्या युनिव्हर्सिटीत मरीन बायोलॉजीला अ‍ॅडमिशन घेतलीय. लहानपणापासून व्हेल, डॉल्फिन, कोरल हेच डोक्यात होतं. आता सहा महिने झाले तरी समुद्राचं तोंड पाहिलेलं नाही, नुसतं केमिस्ट्री, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स आणि तीनशे जणांचं लेक्चर. शिकवणाऱ्यांना माझं नावसुद्धा माहीत नाही. कोर्स बदलावासा वाटतोय. माझं चुकलं का?

उत्तर : अगं, चुकलं-बिकलं काही नाही. कोर्स बदलायचा तर बदल, पण त्याआधी एक काम कर. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही सगळ्यात खाली जाते ना, त्या दिवशी कुणा पीएचडीवाल्याच्या मागे लागून खडकाळ किनाऱ्यावर जा आणि अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट, क्वाड्रॅट म्हणतात तिला, ती खडकावर ठेवून आतली बार्नॅकल, म्हणजे खडकाला चिकटलेले कवचवाले बारके जीव, मोज. नुसती मोजायची. शर्टाच्या बटणापेक्षा लहान, पांढरी, दगडासारखीच दिसणारी, पाठ भरून येईल, गुडघे सोलवटतील, भरती चढायच्या आत संपवायचं टेन्शन येईल. मग बार्नॅकल असलेला एखादा छोटा दगड समुद्राच्या पाण्याच्या वाडग्यात ठेवून शांत बसून राहा. थोडा वेळ काहीच होत नाही. मग वरची झाकणं सरकतात, आतून पिसांसारखे पाय बाहेर येतात आणि मूठ उघडझाप करावी तसं पाणी ओढायला लागतात. डोक्याकडून दगडाला कायमचा चिकटून पायांनी खाणारा हा प्राणी खेकड्याचा नातेवाईक आहे! डार्विननं १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं याच्यावर घालवली. ते बघून तुला आत काही हललं तर राहा, नाही हललं तर खुशाल बदल, मी अजिबात नावं ठेवणार नाही.

आता तुझ्या स्टॅटिस्टिक्सचं. जोसेफ कोनेल नावाच्या शास्त्रज्ञानं स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर हेच केलं होतं. तिथे बार्नॅकलच्या दोन जाती, एक खडकाच्या वरच्या पट्ट्यात राहणारी आणि एक खालच्या. त्यानं खाली काही ठिकाणची खालची जात काढून टाकली आणि वरच्या जातीतल्या एकेकाची जागा नोंदवून कोण जगलं कोण मेलं हे परत परत जाऊन बघितलं. तर मोकळ्या जागेत वरची जात खालीसुद्धा छान जगली, आणि जिथे शेजारीण शिल्लक होती तिथे तिनं हिला दाबून, खालून उचकटून संपवलं. म्हणजे हिची खालची हद्द पाण्यानं नाही, शेजारणीनं ठरवली होती. १९६१ सालचा हा पेपर इकॉलॉजी शिकणारे आजही वाचतात आणि त्याच्या मुळाशी काय आहे तर मोजणं. एका चौकटीत ४० निघाली, दुसरीत ५५, हा फरक खरा की योगायोग, हे सांगायला स्टॅटिस्टिक्सच लागतं, दुसरा इलाज नाही.

केमिस्ट्रीचं पण तसंच. औद्योगिक क्रांतीच्या आधीपासून आतापर्यंत समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा (जितका कमी तितकी आम्लता जास्त), साधारण ८.२ वरून ८.१ वर आलाय. पॉइंट वननं काय होतंय असं वाटतं ना? पण पीएचची पट्टी लॉगॅरिदमिक असते, म्हणजे एकेक आकडा दहापटीचा, त्यामुळे हायड्रोजन आयन जवळपास पाव हिश्श्यानं वाढलेत आणि शिंपल्यांना, कोरलना कवच-सांगाडा बांधायला लागणारं कार्बोनेट कमी झालंय. तुझं कोरल हवं असेल तर वाट या धड्यातूनच जाते.

मोठ्या युनिव्हर्सिटीत माणूस हरवतो हे खरंय आणि ते दुखतं, मी ते अनुभवलंय, दोन सेमिस्टर मी मागच्या बाकावर बसून कुणाशी न बोलता काढली. पण तिथे जे असतं ते छोट्या ठिकाणी मिळणं अवघड. प्रोक्लोरोकॉकस नावाचा समुद्रातला जीवाणू घे. एक मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागापेक्षाही लहान, आणि पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषण करणाऱ्यांमध्ये संख्येनं सगळ्यात जास्त. तो जगापुढे आला १९८८ च्या पेपरमध्ये, कारण कुणीतरी फ्लो सायटोमीटर, म्हणजे वैद्यकीय लॅबमध्ये पेशी तपासायचं मशीन, जहाजावर चढवलं. असं मशीन तुझ्याच कॅम्पसवर कुठल्यातरी दुसऱ्या डिपार्टमेंटमध्ये असेल. म्हणून फक्त आपल्याच बिल्डिंगमध्ये फिरू नकोस.

आणि हो, मेल कर. सगळ्यांना एकच मेल नको, एकाच लॅबचा एक पेपर नीट वाच, त्यातलं न कळलेलं एक वाक्य उचल, ते विचार, आणि आठवड्यात किती तास मोकळी आहेस ते सरळ लिही. चार ओळी पुरेत. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी परत लिही, मग थेट लॅबमध्ये जाऊन पीएचडीवाल्यांना भेट, त्यांच्याकडे सॅम्पलच्या बाटल्या साचलेल्या असतात आणि हात कमी असतात. पहिलं काम बाटल्यांवर लेबल लावायचं मिळेल. ते पेन्सिलनं लिही आणि चिठ्ठी बाटलीच्या आत टाक. मी बॉलपेननं लिहिली होती, अल्कोहोलमध्ये शाई उतरली आणि एका अख्ख्या दिवसाचे नमुने कुठल्या जागेचे हे कळेना, टाकून द्यावे लागले. त्या नमुन्यांमधले जीव फुकट मेले याचं मला अजून वाईट वाटतं.

प्रश्न : मला पोहता येत नाही आणि बोटीवर उलट्या होतात. हा विषय माझ्यासाठी नाहीच का?

उत्तर : आहे की! पोहायला मात्र शीक, कारण किनाऱ्यावर काम करतानाही पाय घसरतो. स्कूबा बहुतेक कामांना लागत नाही. बोटीचं म्हणशील तर कंटिन्युअस प्लँक्टन रेकॉर्डर बघ, १९३१ पासून साधी मालवाहू जहाजं हे यंत्र मागे बांधून ओढत नेतात, आत रेशमाची लांब पट्टी हळूहळू सरकत असते, तिच्यात प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक वनस्पतींसारखे हिरवे जीव आणि प्राणी, अडकतं आणि ती पट्टी लॅबमध्ये येते. पुढचं सगळं काम जमिनीवर, खुर्चीत, मायक्रोस्कोपखाली. पण मायक्रोस्कोपच्याही आधी ते लोक एक गोष्ट नुसत्या डोळ्यांनी बघतात, रेशीम किती हिरवं झालंय.