हॅलोजन बल्बच्या काचेला बोट का लावू नये? आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये झेनॉन वायूच का भरतात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी पदरचे पैसे घालून शिकलोय, म्हणून आधी तेच.

नव्वदच्या दशकात मी लग्नांची व्हिडिओ शूटिंग करायचो. माझ्या बाजूला एक पोरगा हजार वॅटचा हॅलोजन उंच धरून उभा असायचा. (त्या उजेडात घाम पुसणारे नवरदेव अजून कित्येकांच्या कॅसेटमध्ये असतील.) एकदा मांडवातच ट्यूब गेली आणि घाईत मी नवी ट्यूब उघड्या हातांनी बसवली. दोन-तीन लग्नं निघाली. मग काचेवर एक दुधी डाग दिसायला लागला, तिथंच फुगवटा आला आणि एका रिसेप्शनला फट्! समोर जाळी होती म्हणून निभावलं.

साध्या बल्बात टंगस्टनची तार असते. हा धातू 3422 अंश सेल्सिअसला वितळतो, इतका उशिरा दुसरा कुठलाच धातू वितळत नाही. पण न वितळताही तापलेल्या तारेवरून अणू सुटत राहतात आणि काचेवर बसतात. जुना बल्ब आतून काळपट दिसतो, ती काजळी नसते, तारच झिजून तिथं बसलेली असते. ही झीज कमी व्हावी म्हणून बल्बात अरगॉनसारखा निष्क्रिय वायू भरतात. त्याने झीज मंदावते, थांबत नाही.

हॅलोजनमध्ये ब्रोमीन किंवा आयोडीन अगदी थोडं घातलेलं असतं. उडालेलं टंगस्टन काचेजवळ त्याच्याशी संयोग पावतं, ते संयुग फिरत फिरत तारेजवळ येतं, तिथल्या उष्णतेनं फुटतं आणि टंगस्टन पुन्हा तारेवर बसतं. मात्र जिथून उडालं नेमकं तिथंच बसत नाही, म्हणून हाही बल्ब कधीतरी जातोच. हे चक्र चालायला काच निदान अडीचशे अंश तरी तापलेली लागते. म्हणून बल्ब इवलासा आणि काच साधी नव्हे, भरपूर ताप सोसणारी क्वार्ट्झची. आता आपल्या बोटांवर घामाचं मीठ असतं, म्हणजे सोडियम. तापलेल्या क्वार्ट्झला सोडियम लागलं की तिथं स्फटिक बनतात, काच दुधी आणि कमजोर होते. तेव्हा बल्ब कागदात धरून बसवा. चुकून हात लागलाच तर गार असताना स्पिरिटनं पुसा.

फ्लॅशमध्ये तारच नसते. पूर्वी मॅग्नेशियमची पूड पेटवायचे, 1887 मध्ये जर्मनीत ती पोटॅशियम क्लोरेटमध्ये मिसळून वापरात आली. उजेड झकास, पण धूर भरपूर आणि हात भाजण्याची भीती. पुढं ऑक्सिजन भरलेल्या बल्बात ॲल्युमिनियमचा वर्ख जाळू लागले. धूर आतच राहिला, पण एका फोटोला एक बल्ब खर्ची!

झेनॉनची नळी हजारो वेळा उडवता येते. कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, साधारण 300 व्होल्ट साठवतात, हजारो व्होल्टच्या एका झटक्यानं नळीतला वायू वाहक बनतो आणि साठलेली सगळी वीज सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास त्यातून निघून जाते. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी 1930 च्या दशकात हे तंत्र छायाचित्रणात रुळवलं.

पण झेनॉनच का? रंगासाठी. निऑन तांबडा पेटतो. सोडियमचा नुसता पिवळा दिवा तुम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाहिला असेल, त्या उजेडात लाल शालू काळपट दिसेल. दाबलेल्या झेनॉनमधून एवढी वीज एकदम गेली की जवळपास सगळे रंग एकत्र बाहेर पडतात आणि पांढरा उजेड मिळतो, दुपारच्या उन्हाच्या जवळचा, साधारण 5500 केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका लहान तितका उजेड पिवळट). हॅलोजन 3200 च्या आसपास, म्हणून पिवळट. माझ्या जुन्या कॅसेटमधल्या सगळ्या नवऱ्या हळदीच्या रंगाच्या दिसतात ते त्यामुळंच, पांढऱ्याचं सेटिंग नीट लावायला तेव्हा मला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि हो, बिघडलेली फ्लॅशगन घरी उघडू नका. सेल काढले तरी कपॅसिटर बराच वेळ भरलेला राहतो.