पत्ता बरोबर असूनही टपाल अगदी अजब वाटेने गेल्याचं खरं उदाहरण कोणतं?

माझ्या मते मुंबईहून विमानाने निघालेलं आणि अनेक वर्षांनी फ्रान्समधल्या एका हिमनदीतून बाहेर आलेलं टपाल. एकाच डोंगरावर हे दोनदा घडलं आहे. मी जुनी पाकिटं जमवतो, आणि या टपालाइतकं दुसऱ्या कुठल्याच टपालाने मला अस्वस्थ केलेलं नाही.

२४ जानेवारी १९६६ च्या सकाळी एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ दिल्ली, बैरुत करत जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात होतं. विमानातलं एक दिशादर्शक यंत्र बिघडलेलं होतं. नियंत्रण कक्षाने सांगितलेल्या अंतराचा वैमानिकांनी वेगळा अर्थ घेतला. आपण आल्प्समधला माँ ब्लाँ डोंगर ओलांडला असं समजून ते खाली येऊ लागले आणि विमान शिखराजवळ आदळलं. ११७ माणसं गेली. व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेले डॉ. होमी भाभा त्यांच्यातच होते.

विमानातलं टपाल बर्फात गाडलं गेलं. वर पडणारा बर्फ साचत, दबत जातो, त्याची हिमनदी होते आणि ती स्वतःच्या वजनाने उताराला सरकत राहते. माँ ब्लाँवरून शामोनीच्या खोऱ्याकडे उतरणारी बोसाँ हिमनदी तर फारच उभ्या उताराची, त्यामुळे वेगाने वाहणारी. साडेचार हजार मीटरच्या वर गाडली गेलेली वस्तू काही दशकांनी कित्येक किलोमीटर खाली, बर्फ वितळतो तिथे उघडी पडते.

तशी ऑगस्ट २०१२ मध्ये एक तागाची पिशवी उघडी पडली. पर्वतावर बचावकार्य करणारा एक जण आणि त्याचा शेजारी यांना ती दिसली. तिच्यावर 'राजनैतिक टपाल' आणि 'परराष्ट्र मंत्रालय' असे शब्द इंग्रजीत स्पष्ट वाचता येत होते. आत जानेवारी १९६६ ची वर्तमानपत्रं, एअर इंडियाची कॅलेंडरं आणि न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्यदूतांच्या नावे एक खाजगी पत्र. त्या दोघांनी ती पोलिसांकडे दिली आणि पुढे ती पॅरिसमधल्या भारतीय दूतावासाच्या ताब्यात आली. ४६ वर्षं झाली होती.

भाभांच्या मृत्यूभोवती घातपाताच्या कहाण्या आजही फिरतात, आणि या पिशवीत काहीतरी गुपित असणार असं छातीठोकपणे लिहिणारेही भेटतात. मला हे खरोखर खटकतं. ती वर्तमानपत्रांसारख्या साध्या सामानासाठी वापरली जाणारी पिशवी होती. परदेशातल्या कचेरीत बसलेल्या माणसाला घरची बातमी कळावी, एवढंच तिचं काम. त्यातलं मोल पाहायला घातपात कशाला हवा?

२०२० च्या उन्हाळ्यात हिमनदीजवळ उपाहारगृह चालवणाऱ्या एकाला याच विमानातली आणखी काही वर्तमानपत्रं सापडली. इंदिरा गांधी पंतप्रधान होणार ही बातमी त्यांच्या पहिल्या पानावर होती. ओल्या कागदाच्या घड्या न फाडता उलगडायला किती जपावं लागतं हे मला माहीत आहे. त्या माणसाने ती उन्हात वाळवून जतन केली.

पण शेवटी आपल्या पत्त्यावर रवाना झालेल्या टपालाचा मान त्याआधीच्या विमानातल्या पत्रांचा. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला जाताना याच डोंगरावर कोसळलं होतं. ४८ जण दगावले. प्रवाशांत बहुतेक जण इंग्लंडमध्ये आपापल्या जहाजांवर रुजू व्हायला निघालेले खलाशी होते. मदतीला वर चढलेल्या पथकातले रने पायो हे वाटाडेही हिमभेगेत पडून गेले.

जून १९७८ मध्ये, म्हणजे जवळपास २८ वर्षांनी, हिमनदीच्या खालच्या भागात एका फ्रेंच पोलिसाला या विमानातलं टपाल मिळालं. ५७ पत्रं वाचता येत होती, ती मूळ पत्त्यांवर रवाना करण्यात आली. तेवढ्या काळात घरं बदललेली, माणसं गेलेली असणार हे ती रवाना करणाऱ्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे? तरी पाकिटावर नाव आहे म्हणजे ते त्या माणसाचं, इतकी सरळ समजूत त्यामागे होती. ती मला फार मोठी वाटते.

असं अपघातातून वाचलेलं एखादं पाकीट तुमच्या घरच्या ट्रंकेत निघालं, तर तिकीट नाही म्हणून टाकून देऊ नका. पाण्याने डिंक विरघळला की तिकीट सुटून जातंच. पाकीट घासून स्वच्छ करू नका, डाग तसेच राहू द्या, आणि आतलं पत्र त्याच्यापासून वेगळं करू नका. जवळच्या टपाल तिकीट प्रदर्शनात जाणकारांना दाखवा. कुठला शिक्का कुठे पडला यावरून ते त्याचा बराचसा प्रवास सांगू शकतात.