सहा कुटुंबं मिळून नऊ मुलांना मे महिन्यात पॅरिस आणि स्वित्झर्लंडला नेतोय. मुलांच्या सुरक्षिततेसाठी काय काय बघावं?

याच दोन्ही ठिकाणी आम्ही चार कुटुंबं सात मुलांना घेऊन गेलो होतो. तुमचा प्रश्न वाचला आणि मला पॅरिसचं ट्रोकादेरो स्टेशन आठवलं. तिथून सहा नंबरच्या मेट्रोने बीर-अकेमला, म्हणजे आयफेल टॉवरच्या जवळ जायचं होतं. अंतर चालण्याजोगं, पण बरोबर आजी-आजोबा होते. गाडी आली, माझा दहा वर्षांचा भाचा पुढे होऊन चढला आणि दारं मिटली. आम्ही सगळे फलाटावरच. मी समजत होते तो काकाजवळ आहे, काका समजत होता माझ्याजवळ.

पुढच्याच पासी स्टेशनवर तो बाकाला टेकून उभा सापडला. निघण्याआधी पुण्याच्या मेट्रोत आम्ही मुलांकडून हे दोनदा करून घेतलं होतं: गाडीत एकटा राहिलास तर पुढच्या स्टेशनला उतर आणि तिथून हलू नकोस. फलाटावर राहिलास तर तिथेच थांब. शोधायचं काम आमचं, तुझं नाही. हे घरी बसून नुसतं सांगू नका, प्रत्यक्ष करून घ्या. मेट्रो जवळ नसेल तर लोकलमध्ये करा.

त्या दिवशी चूक आम्हा मोठ्यांची होती. बरोबर पुष्कळ माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, कुणीतरी बघत असेल. म्हणून नऊ मुलांपैकी प्रत्येकासाठी रोज सकाळी एक मोठं माणूस ठरवा. त्याला मध्येच तिकिटं काढायला किंवा शौचालयात जायचं असेल तर दुसऱ्याला तोंडाने सांगायचं, "ही आता तुझ्याकडे," आणि समोरून "हो, माझ्याकडे" ऐकल्याशिवाय हात सोडायचा नाही. पहिल्या दिवशी आम्हालाच अवघडल्यासारखं झालं, नंतर सवय झाली. गाडीत चढताना एक मोठा सगळ्यांत आधी आणि एक सगळ्यांत शेवटी, हेही तेव्हापासून सोडलं नाही.

मुलाच्या खिशात चिठ्ठी हवीच: तुमचा नंबर +91 सकट आणि त्या रात्रीच्या हॉटेलचं नाव-पत्ता. ग्रुप टूरमध्ये दर दोन-तीन दिवसांनी हॉटेल बदलतं, तेव्हा चिठ्ठीही बदला. मुलाचं नाव मात्र टोपीवर किंवा सॅकच्या बाहेर मोठ्या अक्षरात लिहू नका. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की लहान मूल त्याला ओळखीचा समजतं. रोज सकाळी त्या दिवसाच्या कपड्यांत सगळ्यांचा एक फोटो काढून ठेवा. 112 हा नंबर आपल्याकडे चालतो तसाच फ्रान्समध्ये आणि स्वित्झर्लंडमध्येही चालतो, तेवढा मुलांकडून पाठ करून घ्या.

आता रस्ता. तिकडे वाहनं उजव्या बाजूने चालतात. आपली मुलं सवयीने आधी उजवीकडे बघतात आणि जवळच्या कडेची गाडी येते डावीकडून. झुरिकमध्ये ट्रॅमचीही भीती वाटते, कारण ती फारसा आवाज न करता येते आणि तिथे झेब्रा क्रॉसिंगवरही पादचाऱ्याने ट्रॅमला वाट द्यायची असते.

हॉटेलच्या खोलीत शिरल्याबरोबर खिडकी बघा. आपल्या मुलांना गजांची सवय असते, खिडकीत चढून बसायचीही असते. तिकडच्या बहुतेक खिडक्यांना गज नसतात आणि काही तर पूर्ण उघडतात. आम्ही पलंग आणि खुर्च्या खिडकीपासून लांब सरकवायचो.

स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखला, म्हणजे बर्फाळ डोंगरावरच्या रेल्वे स्टेशनला जाणार असाल तर ते 3,454 मीटर उंचीवर आहे, तिथे हवा विरळ असते. मुलं बर्फ बघून धावत सुटतात आणि दमतात. वर त्यांना सावकाश चालू द्या, पाणी पाजत राहा. डोकं दुखतंय, मळमळतंय असं मूल म्हणालं तर "थोडा वेळ थांब, बरं वाटेल" असं करू नका, मिळेल त्या गाडीने खाली आणा. आमच्यातली एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन अर्ध्या तासात परत फिरली. तिकिटाचे पैसे वाया गेले असं एक-दोघं म्हणाले. आम्ही बाकीचे खाली पोचलो तेव्हा ती मुलगी ठेपला खात बसली होती.