रेंज सुटण्याआधीच जीपीएस लावून घ्या

प्रश्न: हरिश्चंद्रगडावर जाताना फोनवर ट्रॅक रेकॉर्ड केला. सकाळी शंभर टक्के असलेली बॅटरी दुपारी दोनलाच संपली. जीपीएस एवढी बॅटरी खातं का?

उत्तर: एकटं जीपीएस नाही. फोन उपग्रहांना काही पाठवत नाही, नुसता ऐकतो. जास्त खादाड दोघं: सतत उजळलेली स्क्रीन आणि कड्याआड रेंज शोधत बसणारा मोबाइल रेडिओ. चढ सुरू होताच एअरप्लेन मोड लावा. लोकेशन चालूच राहतं. (गटातला एक फोन मात्र संपर्कासाठी साधाच राहू द्या.)

पण त्याआधी एक काम. जागा काढायला फोनला उपग्रहाच्या कक्षेची माहिती लागते, आणि उपग्रह ती सेकंदाला फक्त 50 बिट या कासवगतीने पाठवतो. ती पूर्ण उतरायला उघड्या आभाळाखाली सुमारे अर्धा मिनिट लागतं, आणि झाडीत सिग्नल तुटला की तुटलेला भाग पुन्हा येईपर्यंत थांबा. तोवर फोनमधली जीपीएस चिप पूर्ण जोरात चालते. नेटवर्क असेल तर हीच माहिती काही सेकंदांत मिळते. ती साधारण चार तासच कामाची, त्यामुळे आदल्या रात्री घरी लोकेशन लावून उपयोग नाही. शेवटची रेंज मिळेल तिथे डेटा चालू ठेवून नकाशावर निळा ठिपका स्थिर होऊ द्या, मगच एअरप्लेन मोड. नकाशा मात्र घरूनच ऑफलाइन उतरवून न्या.

प्रश्न: नोंदीचं अंतर किती सेकंद ठेवावं?

उत्तर: चालताना 15. ताशी 4 किलोमीटरने तेवढ्या वेळात जेमतेम 17 मीटर पुढे जाता. दर सेकंदाची नोंद म्हणजे मीटरभर अंतरावरचे ठिपके. फोनची चूकच मोकळ्यावर पाचेक मीटरची! जेवायला बसलात तरी नकाशावर दोऱ्याचा गुंता होतो आणि एकूण अंतर फुगतं. एकवरून तीन सेकंद केल्याने मात्र फारशी बचत नाही, कारण एवढ्या अवधीत चिपला बंद होऊन पुन्हा सुरू होणं परवडत नाही.

प्रश्न: ट्रॅकमध्ये दरी ओलांडणारी सरळ रेघ का येते?

उत्तर: स्क्रीन बंद होताच बॅटरी सेव्हरने ॲप झोपवलं. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा आणि ट्रेकभर बॅटरी सेव्हर बंद ठेवा. बाकी ॲप्सची लोकेशन परवानगी ‘ॲप वापरताना’ एवढीच असू द्या.